फूल मागे जात नाही? नवी रॅकेट घेण्याआधी या चुका टाळा

बॅडमिंटन नव्याने खेळायला लागलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: फूल (शटल) पलीकडच्या मागच्या रेषेपर्यंत पोचतच नाही. निदानही ठरलेलं. एकतर हातात जोर नाही, नाहीतर रॅकेट साधी आहे. मग महागडी रॅकेट येते, दुकानदाराला सांगून तिचं गटिंग, म्हणजे तारांची जाळी, चांगलं टाइट करून घेतलं जातं, आणि फूल पूर्वीपेक्षाही अलीकडे पडायला लागतं.

या खेळात टोला बसायच्या आधीच निम्मंअधिक काम झालेलं असतं. रॅकेट कशी धरली, फुलाखाली कधी पोचलात, कोणत्या वेगाचं फूल घेतलं, यावर ते ठरतं. शटलचं वजन अवघं 4.74 ते 5.50 ग्रॅम. भारताच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची ताशी 565 किलोमीटर अशी विक्रमी नोंद 2023 मध्ये गिनीजने केली, पण तो वेग फूल रॅकेटवरून सुटतानाचा. पुढच्या काही फुटांतच हवा त्याला अडवते. एवढ्या हलक्या वस्तूला दंडाच्या जोराने ढकलून फार काही साधत नाही. टोल्याच्या क्षणी रॅकेटचं डोकं किती वेगाने फिरतंय, त्याला महत्त्व आहे.

पकड

दहातले आठ नवखे रॅकेट उलथनं धरल्यासारखी धरतात. तारांची जाळी सरळ समोर, तळहात तिच्या मागे, मूठ घट्ट आवळलेली. नेटजवळ हलकं फूल दाबायला ही पकड चालते, म्हणून ती चुकीची आहे हे लवकर लक्षात येत नाही. डोक्यावरून मारायची वेळ आली की मात्र मनगट अडकतं आणि हात नुसता कोपरातून पुढे ढकलला जातो.

योग्य पकडीसाठी रॅकेट जमिनीला काटकोनात उभी धरा, म्हणजे फ्रेमची कड खाली येईल. आता मुठीशी हस्तांदोलन केल्यासारखा हात घाला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये इंग्रजी व्ही दिसला पाहिजे. ही फोरहँडची पकड. बॅकहँडला रॅकेट बोटांतच किंचित फिरवायची आणि अंगठा मुठीच्या रुंद बाजूवर सपाट टेकवायचा. ज्यांचा बॅकहँड नेटही ओलांडत नाही, त्यांच्यातले बहुतेक जण फोरहँडच्याच पकडीने बॅकहँड मारत असतात. त्यात जोराचा काही संबंध नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बोटं सैल हवीत. टोल्याच्या क्षणीच मूठ आवळायची, एरवी रॅकेट कोणी ओढली तर सहज निसटेल इतपतच धरायची. आणि 'मनगट मार' हा मैदानावर फुकट मिळणारा सल्ला जरा बेतानेच घ्या. वेगाचा मोठा भाग कोपरापासून पुढचा हात वळण्यातून येतो. टोल्याआधी तळहात आपल्या डोक्याकडे वळलेला असतो, टोल्याच्या क्षणी तो नेटकडे येतो. नुसतं मनगट झटकत राहिलात तर फूल जाणार नाहीच, वर मनगट दुखेल.

रॅकेट आणि गटिंग

टाइट गटिंगने फूल लांब जातं, हा पक्का गैरसमज. उलट आहे. तारा जितक्या ताणलेल्या, तितकी त्यांची उसळी कमी, आणि फूल नेमकं मधोमध बसलं नाही तर फळीवर आपटल्यासारखं वाटतं. वरच्या दर्जाचे खेळाडू 28–30 पौंडांच्या आसपास तारा घेतात, कारण रॅकेटच्या डोक्याचा वेग त्यांच्याकडे आधीच आहे आणि त्यांना हवा असतो तो ताबा. नवशिक्याने 20 ते 24 पौंडांत राहावं. कमाल ताण बहुतेक रॅकेटवर छापलेला असतो. त्यापलीकडे गेलात तर एखाद्या दिवशी फ्रेमच पिचकते आणि दुकानदार हात वर करतो.

खेळण्यांच्या दुकानात दोन रॅकेट आणि तीन फुलं असा जो जोड मिळतो, तो मुलांच्या सुट्टीपुरता ठीक. कोर्टवर खेळायचं असेल तर पूर्ण ग्रॅफाइटची, 4यू म्हणजे 80 ते 84 ग्रॅमची, लवचिक दांड्याची, डोकं फार जड नसलेली रॅकेट घ्या. अशी रॅकेट मधल्या किमतीत मिळते. आपल्या आवडत्या खेळाडूच्या हातात असते तसली ताठ दांड्याची, डोक्याकडे जड रॅकेट नवख्याच्या खांद्याला त्रासच देते. आणखी एक: घामाने ग्रिप निसटते म्हणून जुन्यावर नवी अशा तीन-तीन ग्रिप गुंडाळू नका. मूठ जाड झाली की बोटांत रॅकेट फिरवणं बंद, आणि वर सांगितलेली पकड विसरा.

फुलाचा वेग

याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि घोळ सगळ्यात जास्त इथेच असतो.

हवा गरम झाली किंवा जागा उंचावर असली की हवा विरळ होते आणि तेच फूल जास्त लांब जातं. समुद्रकाठच्या मुंबईत नेमकं पडणारं फूल साडेपाचशे मीटरहून उंच असलेल्या पुण्यात लांब जाऊ शकतं. विदर्भातल्या मे महिन्यात तर विचारूच नका. म्हणून फुलं वेगवेगळ्या वेगांची मिळतात. पिसांच्या फुलांच्या डब्यावर 75, 76, 77, 78 असे आकडे असतात. आकडा मोठा तसं फूल वेगवान. नायलॉनच्या फुलांवर टोपणाचा किंवा पट्टीचा रंग पाहायचा: हिरवा म्हणजे संथ, निळा मध्यम, लाल वेगवान. लाल फूल थंड हवेसाठी बनवलेलं असतं. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने हिरवाच रंग बरा. 'फास्ट आहे, मस्त जाईल' असं म्हणून लाल डबा गळ्यात मारणारे दुकानदार भेटतात. त्या फुलाने तुमचा क्लिअर, म्हणजे मागच्या रेषेपर्यंत मारायचा उंच टोला, मागे पोचेल खरा, पण तो चुकीचा टोलाही बरोबर भासवेल. मग स्पर्धेत योग्य फूल समोर आलं की सगळं अलीकडे पडतं.

फूल योग्य आहे का, हे तपासायची नियमातलीच रीत आहे. मागच्या रेषेवर उभं राहून खालून पूर्ण जोराने, वरच्या दिशेने, बाजूच्या रेषेला समांतर मारायचं. फूल पलीकडच्या मागच्या रेषेच्या 53 ते 99 सेंटिमीटर अलीकडे पडलं पाहिजे. गंमत म्हणजे डबल्सची मागची सर्व्हिस लाइन मागच्या रेषेपासून बरोबर 76 सेंटिमीटरवर असते, म्हणजे या पट्ट्याच्या अगदी मधोमध. टेप नसली तरी त्या रेषेच्या वीतभर पुढे-मागे पडलं की समजा जमलं. ही चाचणी मात्र गटातल्या सराईत खेळाडूनेच करावी. नवख्याचा खालचा टोला अर्धाच बसतो आणि चांगलं फूल उगाच संथ ठरतं.

पिसांच्या फुलात हंसाची किंवा बदकाची 16 पिसं असतात. ती कोरडी पडली की तुटतात, त्यामुळे उन्हाळ्यात दोन रॅलींतच फुलाचा पिसारा होतो. पुष्कळ क्लबांत खेळण्याच्या आदल्या रात्री नळकांड्याचं तोंड उघडून त्यात थोडी वाफ सोडतात आणि रात्रभर तसंच ठेवतात. फुलं जास्त टिकतात. वाफ जास्त झाली तर मात्र बुचाचा चिकटवलेला भाग सैल होतो, तेव्हा काही सेकंद पुरेत. रॅलीनंतर वाकडं झालेलं पीस बोटांनी सरळ करायची सवय लावा. आणि जमिनीवरचं फूल रॅकेटने लाथाडल्यासारखं नेटखालून पाठवू नका. पैसे तुमचेच जातात.

बूट

रनिंग शूज घालून खेळू नका. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, सरळ धावण्यासाठी केलेली. बाजूला झेप घेतली की घोटा मुरगळतो. सपाट, रबरी तळव्याचे नॉन-मार्किंग, म्हणजे कोर्टवर डाग न पाडणारे बूट घ्या. रॅकेट आणि बूट यांत एकालाच पैसे पुरत असतील तर बूट आधी. चाळिशी ओलांडलेल्यांनी ऑफिसातून उठून थेट स्मॅश मारायला उभं राहू नये. टाचेमागची अकिलीस शीर तुटणं ही या खेळातली नेहमीची मोठी दुखापत आहे.

वारा

बॅडमिंटनचे सुरुवातीचे लिखित नियम 1870 च्या दशकात पुण्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बांधले आणि खेळालाही तेव्हा 'पूना' म्हणत. 'बॅडमिंटन' हे नाव नंतर पक्कं झालं, इंग्लंडात ग्लॉस्टरशरमध्ये असलेल्या ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या बॅडमिंटन हाऊसवरून. म्हणजे खेळ जन्मला तो उघड्यावरच. पण वारा हा त्याचा तेव्हापासूनचा शत्रू, म्हणूनच दक्षिण भारतात फुलाऐवजी लोकरीचा गोळा घेऊन खेळला जाणारा बॉल बॅडमिंटन अजून टिकून आहे. सोसायटीच्या आवारात हिवाळ्यातल्या रात्री खेळायला मजा येते, खेळा. फक्त तिथल्या अनुभवावरून आपला टोला जोखू नका. आणि जाळी दोन खांबांना बांधताना मध्ये झोळ पडू देऊ नका. मधली उंची 1.524 मीटर, म्हणजे पाच फूट हवी. दोन रॅकेट एकावर एक उभ्या धरल्या की साधारण 135 सेंटिमीटर होतात, वर जेमतेम एक वीत उरली पाहिजे.

फुलाखाली उशिरा पोचणं

पकड सुधारली, फूल योग्य घेतलं, तरी टोला बसत नाही? मग पायांकडे पाहा. नवखा खेळाडू मारतो आणि तिथेच उभा राहून आपल्या टोल्याकडे पाहत बसतो. समोरच्याने मारल्यावर तो निघतो. तोवर फूल डोक्यामागे गेलेलं असतं, आणि मागे झुकून मारलेलं फूल लांब जाणं अशक्यच.

प्रत्येक टोल्यानंतर कोर्टच्या मधोमध परत या. समोरचा मारणार त्याच क्षणी दोन्ही पायांवर छोटीशी उडी घ्या, म्हणजे कुठल्याही दिशेला सुटता येतं. मागे जाताना तोंड नेटकडे ठेवून उलट्या पावली धावू नका. आधी अंग बाजूला वळवा, रॅकेटचा हात मागे न्या, दुसरा हात फुलाकडे उंचवा आणि मग जा. फूल डोक्याच्या किंचित पुढे, हात पूर्ण ताणून मारायचं. सरावात मोबाइलवर बाजूने चित्रण करून पाहा, कोपर वाकलेलं असतानाच फूल लागतंय हे लगेच दिसतं.

स्मॅशचा सोस

उंच आलेलं प्रत्येक फूल स्मॅशच करायचं, ही हौस दोन-तीन महिने कोणालाच सुटत नाही. मागच्या रेषेवरून मारलेला नवख्याचा स्मॅश समोरच्याला आरामात परत करता येतो, आणि तोवर मारणारा तोल सावरत असतो. प्रकाश पदुकोण यांनी 1980 ची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली ती अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या लीम स्वी किंगला हरवून. किंग उडी मारून ठोकलेल्या स्मॅशसाठी जगभर प्रसिद्ध, पण पदुकोणांनी नेटजवळ पडणारे हलके ड्रॉप आणि जागेवर पडणारे उंच टॉस देऊन त्याला कोर्टभर पळवलं. आपल्या सांगलीच्या नंदू नाटेकरांनी 1956 मध्ये क्वालालंपूरला जिंकलेलं विजेतेपद हे भारतीयाचं परदेशातलं पहिलं. त्यांचंही नाव राहिलं ते फटक्यांच्या नजाकतीमुळे. आधी क्लिअर आणि ड्रॉप भरवशाचे करा. अर्ध्या कोर्टातच आलेलं फूल तेवढं ठोका.

नियमांवरून होणारी भांडणं

सर्व्हिस नेटला घासून योग्य चौकोनात पडली तर ती चालते. टेनिससारखी पुन्हा घ्यायची नाही. सर्व्हिस नेटवर अडकून राहिली तर फाऊल, पण रॅलीत फूल जाळीच्या कडेवर अडकलं किंवा ओलांडून पलीकडे गुंतलं तर लेट, म्हणजे रॅली पुन्हा. रेषेवर पडलेलं फूल आत. खेळ चालू असताना अंग किंवा रॅकेट नेटला लागलं तर गुण गेला, मग फटका कितीही सुंदर असो.

सर्व्हिस मारताना पूर्वी फूल कमरेखाली हवं असा नियम होता, आणि नियमातली कंबर म्हणजे सगळ्यात खालच्या बरगडीची पातळी. आता आंतरराष्ट्रीय नियम सरळ उंची सांगतो: अख्खं फूल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली. उंच माणसाला हे अडचणीचं वाटतं, पण बॅकहँड सर्व्हिस केली की प्रश्नच उरत नाही. दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकलेला हवा. पाऊल उचलत किंवा चालत मारलेली सर्व्हिस फाऊल.

जुन्या मंडळींच्या गटात अजून 15 गुणांचा आणि डबल्समध्ये दोघांनाही सर्व्हिस मिळण्याचा हिशेब चालतो. 2006 पासून प्रत्येक रॅलीला गुण, गेम 21 चा, 20–20 झाल्यावर दोन गुणांची आघाडी आणि 29–29 झाल्यावर 30 वा गुण घेणारा जिंकतो. डबल्समध्ये एका बाजूला एकच सर्व्हिस. कोणता हिशेब धरायचा ते खेळ सुरू होण्याआधी ठरवा.

डबल्स

सर्व्हिस कोण कुठून करणार, यावरच निम्मा वेळ जातो. आपली गुणसंख्या सम असेल तर उजवीकडून, विषम असेल तर डावीकडून सर्व्हिस. सर्व्हिस करणाऱ्या जोडीने गुण जिंकला तरच त्या दोघांनी जागा बदलायच्या, आणि तोच खेळाडू पुन्हा सर्व्हिस करतो. घेणाऱ्यांनी गुण जिंकला तर सर्व्हिस त्यांच्याकडे जाते, पण जागा कोणीच बदलत नाही. एवढं पक्कं झालं की गोंधळ संपतो. रेषांचंही तसंच: डबल्सची सर्व्हिस रुंद पण आखूड चौकोनात, एकेरीची अरुंद पण मागच्या रेषेपर्यंत. डबल्समध्ये सर्व्हिस परत आली की मात्र संपूर्ण कोर्ट खुलं.

'ही माझी बाजू, ती तुझी' असं वाटून घेऊन अख्खा सामना शेजारी-शेजारी उभं राहणं ही नवख्या जोड्यांची मोठी चूक. तुमच्या बाजूने फूल उंच गेलं, म्हणजे समोरून स्मॅश येणार, तेव्हाच शेजारी-शेजारी व्हा. तुम्ही स्मॅश किंवा ड्रॉप मारलात की एकाने पुढे, एकाने मागे. मधोमध आलेल्या फुलावरून दोघांच्या रॅकेट आपटतात किंवा दोघंही पाहत राहतात. दोघं उजवे असतील तर ते फूल डाव्या बाजूला उभ्या असलेल्याचं, कारण त्याला ते फोरहँडला येतं. जोडीत एक डावरा असेल आणि तो डावीकडे उभा असेल तर मधलं फूल दोघांनाही बॅकहँडला येईल. त्यांनी जागा उलटवाव्यात, नाहीतर कोण घेणार ते आधी बोलून ठेवावं.