गिऱ्हाईक घर बघायला येण्याआधी

घर विकायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा रंगाऱ्याला बोलावतात. माझं सांगणं आहे, आधी घरच्यांना बोलवा. कोकणात एकट्याच्या नावावरचं जुनं घर विरळाच. सातबाऱ्यावर आजोबा, त्यांच्याखाली तीन काका, त्यातले दोन वारलेले, त्यांची मुलं डोंबिवली-विरारला आणि आत्यांची नावं कधी चढलीच नाहीत, अशी घरं वाडीवाडीत आहेत. गिऱ्हाईक ओटीवर येऊन बसल्यावर "आत्याचं नंतर बघू" म्हणून भागत नाही. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. 2005 च्या दुरुस्तीवेळी वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. कोणाचा वाटा किती, ते कागद बघून वकील सांगेल. पण विचारायचं काम आपलं. गणपतीला नाहीतर शिमग्याला सगळे गावी असतात, तेव्हा समोरासमोर बसून विचारा. फोनवर 'हो' म्हटलेलं माणूस सहीच्या दिवशी मागे फिरतं, आणि त्यात खोट त्याची नसते. त्याला कोणी नीट विचारलेलंच नसतं. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे (आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे) अर्ज टाका. कोणी हिस्सा सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदवून घ्या, कोणी येऊ शकणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र. हे झाल्याशिवाय घर दाखवायला काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग कागदांची फाईल. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या लागतात. मात्र घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं होत नाही. खरेदीखत, वाटणीपत्र, जुने फेरफार जे काही असेल ते शोधून काढा. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मिळते, तीही काढून घ्या. घर गावठाणाबाहेर, आंब्याच्या कलमांच्या बागेत असेल तर सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेउतारा. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना आपण स्वतः आधी वाचायचा. कूळ, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, वनसंज्ञा (जमिनीची वन म्हणून नोंद), विक्रीवर बंधन घालणारा कूळकायद्याच्या कलम 43 चा शेरा, सगळं तिथेच लिहिलेलं असतं, आणि मुंबईहून येणारा माणूस त्याच्या वकिलाला पहिल्यांदा तोच रकाना दाखवतो. बिनशेती नसलेली जमीन विकायची तर 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 आड येतं: घेणारा शेतकरी असावा लागतो. त्यामुळे फोनवरच विचारून घ्या, "तुमच्या नावावर शेतजमीन आहे का?" नसेल तर त्याचाही दिवस वाचतो आणि तुमचाही.

वीजबिल बघितलंत का? मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर नाव बदलायला आत्ताच टाका.

समुद्राजवळच्या घराला आणखी एक कागद लागतो. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवरच्या, नियमात येतो, खाडीकाठालाही वेगळी अंतरं आहेत. बघायला आलेला माणूस समुद्राकडे तोंड करून उभा राहतो आणि विचारतो, वर मजला चढवता येईल ना? अंदाजाने 'हो' म्हणू नका. 2019 च्या अधिसूचनेनुसार झालेल्या नकाशात आपला सर्व्हे नंबर कुठे पडतो, ते आधी बघून ठेवा आणि तोच नकाशा समोर ठेवा. त्याच्या मनातलं हॉटेल तुमच्या शब्दावर उभं राहता कामा नये.

आता हद्द. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, जिथे आहे तिथेच आपली हद्द, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो, पण विकताना मोजणीचा नकाशा लागतो. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज वेळेत करा, मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवा, आणि मिळालेली 'क' प्रत जपून ठेवा. पाणंदीचंही बघा. कित्येक घरांची वाट दुसऱ्याच्या खळ्यातून जाते. तुम्ही लहानपणापासून तिथून चालत आलात, तुम्हाला कोणी अडवलं नाही. नव्या माणसाची चारचाकी तिथून जाईल का, हा वेगळा प्रश्न आहे. शेजारच्या काकांशी ते आधी बोलून घ्या, आणि जमलं तर लिहून घ्या.

एवढं झाल्यावर घराकडे वळा, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त लपवालपवी इथेच होते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिऱ्याच्या भिंती पाणी पितात आणि उन्हाळ्यात ते सोडतात. जांभा दगडच तसा सच्छिद्र. माजघराच्या मागच्या भिंतीला जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत पिवळट डाग दिसतो, त्याच्या कडेला मिठासारखा पांढरा लोणा सुटलेला असतो. तळहात लावला तर मे महिन्यातही गार लागतं. अशा भिंतीवर दाखवण्यापुरता प्लॅस्टिक रंग मारला की ओल आत कोंडते आणि पहिल्या पावसातच त्याचे फुगे येऊन पापुद्रे पडतात. त्याऐवजी लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा, सुटलेला गिलावा खरवडा, चुना मारा, आणि ओल कुठून येते ते शोधा. बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला जोत्याशी माती चढलेली असते, नाहीतर पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडत असतं. तिथून एक चर मारून पाणी परसवात काढून दिलं तर अर्धं काम होतं. राहील तो डाग राहू दे. "इथे पावसाळ्यात ओल येते, पश्चिमेची बाजू आहे, आम्ही माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधतो" हे वाक्य तुमच्या तोंडून जाऊ दे. झड कुठल्या बाजूने येते हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही, आणि विकत घेणाऱ्याला नेमकी तीच गोष्ट कुठल्या कागदावर सापडत नाही.

छपरावर माणूस चढवा. फुटकी कौलं बदला, सरकलेली बसवा; माकडांनी उडवलेली बहुधा आढ्याजवळच असतात. दुपारी माजघरात दिवा बंद करून वर बघा, जिथून उजेडाची तिरीप येते तिथून पावसाचं पाणीही येणार. वासे आणि रिपांना वाळवी आहे का ते स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. भरीव लाकूड टणक बोलतं, पोखरलेलं बसक्या आवाजात. भिंतीवरून वर गेलेले मातीचे बारीक माग दिसले तर नुसते पुसू नका, औषध मारून घ्या आणि पावती फाईलमध्ये ठेवा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कित्येक घरांची छपरं गेली आणि नंतर कौलांच्या जागी पत्रे आले. तसं तुमच्याकडे झालं असेल तर तेही सांगा. कुठला भाग नवा, कुठला जुना, हे कळलं की माणसाला दुरुस्तीचा अंदाज येतो.

खाऱ्या हवेने खिडक्यांचे गज आणि बिजागऱ्या गंजतात. घासून रंगवा, न उघडणारी खिडकी उघडती करा. घर वर्षभर कुलपात असेल तर चार-पाच दिवस आधी येऊन सगळी दारं-खिडक्या उघडी टाका. कोंदट वास धूप लावून जात नाही, वारा लागला की जातो. टाकी धुवा, पंप चालवून बघा, संडासात पाणी नीट जातं ना ते बघा.

विहिरीचा प्रश्न येणारच. घरातली बाई आली असेल तर ती हमखास तुमच्या आईला बाजूला घेऊन विचारते, "काकी, मे महिन्यात पाणी पुरतं का ओ?" आईने खरंच सांगावं. पाणी कुठल्या महिन्यात किती खाली जातं, शेवटच्या आठवड्यात गढूळ येतं का, खाडी जवळ असेल तर चवीला खारट होतं का. आदल्या मे महिन्यात विहिरीचा फोटो काढून ठेवलात तर फार चांगलं. आत उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी किती उघड्या पडल्या ते त्यात दिसतं. विहीर सामाईक असेल तर कोणाची पाळी कधी, हेही सांगून टाका. पाणी तपासून घेतलं असेल तर तो अहवाल फाईलमध्ये.

झाडांचं बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. कलमं कोणाला कराराने दिली आहेत का, किती हंगामांसाठी, आगाऊ पैसे घेतले आहेत का? बघायला आलेला माणूस हापूसखाली उभा राहून मनातल्या मनात पेट्या मोजत असतो, आणि फळं दोन वर्षं दुसऱ्याची आहेत हे त्याला कागद करताना कळलं तर तो उठून जाईल. कलमांना कल्टार (मोहोर येण्यासाठी घालतात ते औषध) घातलं असेल तर त्याचं प्रमाण आणि वर्षं लिहून ठेवा. माड किती, फळते किती, नारळ काढायला पाडेली कोण येतो, पोफळींना पाणी कसं जातं, हे एका कागदावर असलं की बोलणं सोपं होतं.

परसवातलं रान काढून घ्या, विशेषतः विहिरीच्या आणि संडासच्या वाटेवरचं. पालापाचोळ्यात फुरसं असतं आणि शहरातली मुलं सँडल घालून कुठेही धावतात. पाखाडीवरचं, म्हणजे दगडी पायवाटेवरचं, शेवाळ खरवडून काढा. कुत्रा बांधा.

देवघराचा निर्णय घरात आधी झालेला असावा. देव कोणाकडे जाणार, कधी हलवायचे, वाडीतल्या राखणदार देवाला जे द्यायचं असतं ते पुढे कोण देणार, हे तुम्ही ठरवायचं. गिऱ्हाइकासमोर भावाभावांत चर्चा नको. येणाऱ्याला देवघर दाखवा, बाहेरून. तसंच सामानाचं. ओटीवरचा झोपाळा, माजघरातला शिसवी पलंग, पितळेचा बंब: बघणारा माणूस हे सगळं घरासोबतच येणार असं धरून चालतो. झोपाळा बहिणीला द्यायचा असेल तर आधीच उतरवून ठेवा. टांगलेला दाखवायचा आणि नंतर नाही म्हणायचं, यात किमतीपेक्षा मनं जास्त दुखावतात.

आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्यासाठी थोडी वेगळी तयारी करा. या घरात लग्न होऊन आलेल्या आजीसमोर परका माणूस भिंतींवर टिचक्या मारत फिरतो, "हे पाडून टाकू" म्हणतो. तिला त्या दिवशी लेकीकडे जायचं आहे का, हे विचारा. थांबायचं असेल तर तिला मानाने बसवा, ओळख करून द्या, आणि ती काय बोलेल याची भीती बाळगून तिला गप्प करू नका. गावकी कशी आहे, रात्री-अपरात्री कोण धावून येतं, हे तिच्याइतकं छान कोणी सांगू शकणार नाही.

वेळ सकाळची ठेवा, नऊ ते अकरा. खाडीकाठच्या रस्त्यावर उधाणाचं पाणी येत असेल तर भरतीची वेळ बघून बोलवा, पण पाणी येतं हे सांगा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घर सगळ्यात देखणं दिसतं. तेव्हा दाखवायला हरकत नाही, मात्र ज्याला खरोखर घ्यायचं आहे त्याला "एकदा जुलैत येऊन रात्रभर राहून जा" असं सुचवा. छपरावर पावसाचा आवाज, गेलेली वीज, मोबाईलची रेंज, सगळं त्याला एका रात्रीत समजेल. येणं शक्य नसेल तर मागच्या पावसाळ्यातला व्हिडिओ पाठवा.

आल्यावर कोकम सरबत, चहा, बस्स. सगळी खोल्या-खोल्यांची माहिती एकाच माणसाने सांगावी. मूळ कागद हातात द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायच्या, त्यांवर तारीख आणि 'फक्त पाहणीसाठी' असं लिहून. ते घर फिरत असताना पाच मिनिटं त्यांना एकटं सोडा, त्यांना आपापसांत बोलायचं असतं. गेल्यावर त्यांनी काय-काय विचारलं ते वहीत उतरवा, पुढच्या वेळी उत्तर तयार राहतं.

बोलणं जुळलं आणि ते बयाणा द्यायला लागले तर घाई नको. रोख रक्कम 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त घेता येत नाही, म्हणून चेक नाहीतर बँकेतूनच घ्या. विसारपावती लिहिताना किंमत आणि मुदत सगळेच लिहितात. त्यासोबत झोपाळा, पंप, पाण्याची पाळी, आणि चालू हंगामातले आंबे कोणाचे, हेही लिहा.