वीस मिनिटांच्या सेटमधून नाटक आणि कादंबरी कशी काढावी

उपहासाचं स्टँडअप, म्हणजे मंचावर एकट्याने सादर करायचे विनोदाचे सेट, काही वर्षं नेटाने केलेल्या माणसाकडे नाटक-कादंबरीचं निम्मं सामान तयार असतं. विषय असतो, तिरकी नजर असते, शब्द कापायची सवय असते. दुसऱ्याच्या तोंडाने बोलायची सवय तेवढी नसते. मंचावर तुम्ही एकटेच बोलता, त्यामुळे पहिल्या नाटकात पाचही पात्रं तुमच्यासारखी बोलतात, सगळी सारखीच हजरजबाबी. पहिली दहा मिनिटं हशा मिळतो, विसाव्या मिनिटाला लोक घड्याळ बघतात.

म्हणून स्टँडअपवरून थेट कादंबरीवर उडी मारू नका. लंडनच्या 'कॉमेडी स्टोअर' या विनोदाच्या क्लबमधून पुढे आलेल्या ब्रिटिश लेखक बेन एल्टनची 'स्टार्क' ही पहिली कादंबरी १९८९ची. त्याआधी त्याने 'द यंग वन्स' (१९८२) आणि दुसऱ्या पर्वापासून 'ब्लॅकॲडर' (१९८६) या टीव्ही मालिका लिहिल्या, त्याही सहलेखकांबरोबर. 'द यंग वन्स'मध्ये एका घरात राहणारे चार विद्यार्थी आहेत आणि एकाचं वाक्य दुसऱ्याला देता येत नाही. मालिका मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांची चार प्रहसनं लिहा, पण त्यांत स्वतः काम करू नका. स्वतः उभे राहिलात की कच्चं वाक्य आवाजाने तारून नेता आणि ते कच्चं होतं हे कळतच नाही.

आता मूळ विनोद निवडायचा. शेवटच्या चांगल्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवून काढा. मिनिटाला १२०-१३० शब्द धरले तर वीस मिनिटांचे अडीच हजारांच्या आसपास होतात. त्यातल्या प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न विचारा. बातमीतलं नाव काढलं तर विनोद उरतो का? नसेल तर तो मंचावरच राहू द्या, कारण कादंबरी लिहून छापून येईपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. या मूर्खपणात कुणाचा फायदा आहे? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक विनोद गळतात. एल्टनच्या 'गॅस्पिंग' (१९९०) या नाटकात एक कंपनी हवा विकायला काढते. ही कल्पना मंचावर अर्ध्या मिनिटात संपली असती. नाटक उभं राहतं, कारण हवा विकली की पुढे काय काय होणार हे प्रत्येक पायरीवर ठरवावंच लागतं.

एक तुकडा जवळून पाहू. मंचावर तो असा असेल: "रांग नको म्हणून टोकन आणलं. आता टोकनासाठी रांग." पंच, म्हणजे हशाची शेवटची ओळ, बसला, पुढचा विषय. नाटकासाठी या रांगेत असा माणूस शोधायचा, ज्याचं पोट रांगेवर आहे. टोकन देणारा कारकून घ्या. रांग संपली तर त्याची खिडकी बंद होणार. एका सकाळी कुणीच येत नाही आणि साहेब पाहणीला यायला एक तास आहे.

कारकून: आजोबा, जरा रांगेत उभे राहता?
म्हातारा: माझं काम कालच झालं.
कारकून: मग घाई कसली?

इथे कारकून विनोद करत नाही, तो घाबरलेला आहे. प्रेक्षक हसतात ते त्याच्या गरजेला. उपहासकाराला हे पचायला वेळ लागतो, कारण त्याचा हात सारखा कारकुनाला हुशार करायला जातो. कारकुनाने "ही व्यवस्थाच अशी आहे" म्हटलं की समजा, पात्र गेलं आणि तुम्ही माइक घेऊन परत आलात. तेच कादंबरीत आणलं तर कारकून मनात हिशेब करत असेल: अकरा माणसं पुरे, की साहेबांना खिडकीतून दिसतील म्हणून चौदा? कादंबरीतला हशा अशा खासगी, गंभीरपणे केलेल्या हिशेबात असतो.

मराठीत एक अडचण जास्तीची आहे. क्रियापद शेवटी येतं आणि पंचाचा शब्द त्याच्या आधी अडकतो. "साहेबांनी अजून न बांधलेल्या पुलाचं उद्घाटन केलं" यात हसायची जागा मध्येच निघून जाते. "साहेबांनी पुलाचं उद्घाटन केलं. पूल पुढच्या वर्षी." आता ती शेवटी आली. बोलताना तुम्ही हे आपोआप करता. लिहायला बसलात की शाळेतलं व्याकरण परत येतं. लिहिलेलं मोठ्याने वाचा आणि वाक्याअखेरचे 'आहे', 'होता', 'केलं' तपासा.

नाटकाचं गणित कडक असतं. पहिल्या नाटकाला चार ते सहा नट, एकच नेपथ्य आणि शक्यतो एकच दिवस किंवा रात्र ठेवा. संहिता हशाशिवाय वाचून शंभर मिनिटांत संपली पाहिजे. प्रयोगात हशा दहा-बारा मिनिटं सहज खातो. नवख्याच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे मोठ्या हशानंतर लगेच कथानकाची माहिती देणं. "खून चावीवाल्याने केला" हे वाक्य हशात बुडालं तर दुसरा अंक कुणालाच कळत नाही. अशा वाक्याआधीच्या तीन ओळींत विनोद नको. तालमीआधी नटांकडून दोनदा वाचन करून घ्या आणि स्वतः नुसतं ऐकत बसा. जिथे नट अडखळतो तिथे बहुधा तुमचं वाक्य पात्राचं नसतं.

कादंबरीला साठ ते ऐंशी हजार शब्द धरा. रोज सहाशे, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे पंचवीस आठवड्यांत पंचाहत्तर हजारांचा पहिला खर्डा होतो. इथे हशा ऐकू येत नाही, हाच मंचावरच्या माणसाचा मोठा त्रास. घाबरून तो प्रत्येक परिच्छेदात विनोद कोंबतो आणि वाचक चाळिसाव्या पानावर दमतो. पहिल्या पन्नास पानांच्या प्रती तीन वाचकांना द्या, हसू आलं तिथे टिंब आणि कंटाळा आला तिथे रेघ मारायला सांगा. मतं विचारू नका, ती प्रेमाने दिलेली असतात. तिघांचीही रेघ जुळली तो भाग काढा, कितीही लाडका असला तरी.

एकच गोष्ट दोन्हीकडे न्यायची असेल तर ती आधीच निवडून ठेवा. एल्टनची 'पॉपकॉर्न' ही १९९६ची कादंबरी नाटक म्हणूनही चालली आणि त्या नाटकाला १९९८मध्ये विनोदी नाटकाचा ऑलिव्हिए हा ब्रिटिश रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. हिंसक सिनेमे काढणाऱ्या दिग्दर्शकाला त्याच्याच घरात दोन खुनी ओलीस धरतात: बरंचसं नाट्य एका घरात, एका रात्रीत. याउलट 'डेड फेमस' (२००१) ही कॅमेऱ्यांनी वेढलेल्या रिॲलिटी शोच्या घरातल्या खुनाची कादंबरी आहे. तिथेही घर एकच, पण गंमत चित्रफिती पुन्हा पुन्हा तपासण्यात आहे. ते पानावर सोपं, रंगमंचावर जड.

प्रकाशकाचा करार आला की नाट्यरूपांतर आणि चित्रपटाचे हक्क वेगळ्या कलमात आहेत का ते पाहा. "सर्व माध्यमांतील हक्क" असं एकाच ओळीत लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी ती ओळ बदलून घ्या, नाहीतर स्वतःच्या कादंबरीचं नाटक करायला तुम्हालाच परवानगी मागावी लागेल. सेटमधले जे तुकडे पुस्तकात घेतलेत ते एखाद्या वाहिनीला किंवा ॲपला आधीच विकलेले नाहीत ना, हेही त्याच दिवशी जुने करार काढून तपासा.