मेपलचा रस आटवताना जाळ बिघडतो कुठे? या चुका टाळा

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मार्चच्या सुमारास रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन अशी हवा पडली की मेपलची झाडं ठिबकू लागतात. रस कसला, पाणीच ते! साखर जेमतेम २ टक्के. १ लिटर पाकासाठी, म्हणजे मेपल सिरपसाठी, साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो. त्यामुळे तेलाचं जुनं लोखंडी पिंप आडवं कापून, त्यावर स्टीलचे चौकोनी ट्रे बसवून घरीच भट्टी करणारे इथे पुष्कळ. मीही त्यातलाच. लहानपणी कोल्हापूरकडची गुऱ्हाळं पाहिलेली, त्यामुळे जाळ घालण्यात कसली अक्कल लागते, असा माझा समज होता. पहिल्या वर्षी १० तास चुलीपुढे बसून निम्मासुद्धा रस आटला नाही, तेव्हा तो उतरला.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भट्टी एकदम गच्च भरणं. तासाभराची निश्चिंती, असं वाटतं. होतं उलटंच. थंड लाकडं आधी स्वतः तापतात, वारा कोंडतो, धुराड्यातून काळा धूर सुटतो आणि रटरटणारा ट्रे गप्प होतो. वीस मिनिटांनी सगळी लाकडं एकदम पेटतात, ट्रेमधला फेस काठाबाहेर येतो आणि मग सगळंच बसतं. रस आटवायला निखारे नव्हे, सलग जाळ लागतो. म्हणून मनगटाएवढी फोडलेली, वर्षभर वाळवलेली लाकडं, एका वेळी तीन-चार, आडवी-उभी रचून, दर ८-१० मिनिटांनी. दार उघडायचं, टाकायचं, लावायचं. दार उघडं ठेवून रचना न्याहाळत बसलात तर गार हवा थेट ट्रेच्या बुडाला लागते. मी मोबाइलवर ८ मिनिटांचा गजर लावतो. बायको म्हणते, यापेक्षा कुकरच्या शिट्या बऱ्या.

इतकं करूनही दुपारनंतर जोर कमी होत असेल तर जाळीखाली बघा. राखेचा ढीग जाळीला टेकला असेल किंवा वर निखाऱ्यांचा थर साचला असेल, तर खालून वारा मिळणारच नाही. सळईने निखारे हलवा, राख ओढा. ती राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीतच ठेवा आणि बादली घरापासून लांब. आत दडलेला विस्तव दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो.

धुराड्याचा खालचा भाग लाल दिसू लागला की भट्टी झकास चालली आहे, असं मला वाटायचं. खरं तर तेवढी उष्णता आभाळात चाललेली असते. पिंप मागच्या बाजूला पोकळ असलं की जाळ ट्रेला न शिवता सरळ धुराड्यात घुसतो. मागची जागा वाळू आणि भट्टीच्या विटांनी भरून तळ ट्रेच्या जवळ आणला की ज्वाला बुडाला घासून जाते. माझ्याकडे एवढ्या एका बदलाने मागचा ट्रेही उकळू लागला, नाहीतर तो नुसता कोमट असायचा. साधे सिमेंटचे ब्लॉक मात्र आगीला थेट लावू नका, तडकतात.

गार रसाची बादली ट्रेमध्ये ओतणं हीसुद्धा जाळावर पाणी ओतण्यासारखीच गोष्ट. धुराड्याजवळ लहान भांड्यात रस तापवून त्याच्या तोटीतून बारीक धार सोडावी, म्हणजे उकळी मोडत नाही. फेस चढला तर लोण्याचा लहानसा कण पुरतो. गुळाच्या काहिलीत तेलाचा थेंब टाकतात, तोच प्रकार.

आता करपण्याबद्दल. लाकडाच्या भट्टीला गॅससारखं बटण नसतं. लाकूड टाकणं थांबवलं तरी निखारे बराच वेळ आटवत राहतात, आणि शेवटी रस कमी उरला की पातळी बघता बघता खाली येते. एकदा भारतातून फोन आला म्हणून मी पाच मिनिटं आत गेलो. परतलो तर ट्रेच्या एका कोपऱ्यात काळी पापडी, आणि आठवड्याचा रस कडू. ट्रेमध्ये कायम दीड-दोन इंच रस हवाच, आणि भट्टी थांबवायची त्याच्या बऱ्याच आधी लाकूड बंद करायचं. ट्रे कोरडा पडून धूर येत असेल तर त्यात पाणी ओतायला जाऊ नका, वाफेचा भपका तोंडावर येतो. पाक थोडा पातळ असतानाच उतरवून स्वयंपाकघरात गॅसवर पुरा करावा. त्या दिवशी पाणी जितक्या अंशांना उकळतं त्याच्यावर ४ अंश सेल्सियस गेला की झाला. हवेच्या दाबाप्रमाणे हा आकडा हलतो, म्हणून आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर बघून घ्यायचा. अख्खा रस मात्र घरात आटवू नका, भिंती ओल्या होऊन वॉलपेपर सुटतो.

रंग लावलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड भट्टीत नको. ट्रे उघडा असतो, राख आणि धूर त्यातच पडतो. जस्ताचा मुलामा असलेलं भांडंही नको. नव्या पिंपाला आतबाहेर रंग असतो, तो पहिल्यांदा रिकाम्या भट्टीत मोठा जाळ करून जाळून टाका.

आणि ट्रेच्या बुडाला वाळूसारखा खरखरीत थर दिसला तर घासत बसू नका. हा रसातलाच क्षार. तो उष्णता अडवतो आणि त्याच जागी पाक लागतो. रात्रभर व्हिनेगर घालून ठेवा, सकाळी बोटाने निघतो.