रीफ बघायला जाताय? आधी नुसतं तरंगायला शिका

कोरल रीफ (समुद्रातली प्रवाळांची भिंत) म्हटलं की सगळे डायव्हिंगचंच विचारतात, पण मी तर म्हणेन पहिल्यांदा जाताय ना, मग स्नॉर्कलिंगच करा, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघायचं. कोरलच्या अंगात बारीक शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातलं कोरललाही देतं, म्हणून रीफ उथळ उजेडात भरभरून वाढते, आणि खोल गेलं की लाल रंग आधी गायब होतो, सगळं निळसर दिसायला लागतं.

जागा आपल्याला काय जमतं ते बघून ठरवा. लाल समुद्रात इजिप्तच्या दहाबला किनाऱ्यावरून पाण्यात उतरलं की रीफ सुरूच, नवख्यांसाठी मस्त. ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरियर रीफ २३०० किलोमीटर पसरलीये, तिथे बहुतेक बोटीनेच जावं लागतं आणि नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिश असतात, त्यामुळे अंगभर सूट घालाच. फिलिपिन्सचं तुब्बाताहा मात्र अनुभवी डायव्हर्ससाठी, मार्च ते जूनच्या मध्यापर्यंतच, तेही बोटीवरच राहून.

मास्क घेताना पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा, चिकटून राहिला तर तुमचा. केस किंवा मिशी मधे आली की पाणी शिरणारच.

पाण्यात दमलात तर पाठीवर तरंगा, पण कोरलवर उभं राहू नका, प्लीज! तो दगड नाहीये, जिवंत आहे. सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा घट्ट टी-शर्ट) बरा, पलाऊ या बेटांच्या देशाने तर कोरलला घातक सनस्क्रीनवर २०२० पासून बंदीच घातलीये.

डायव्हिंग करायचंच असेल तर ओपन वॉटर हा नवख्यांचा डायव्हिंग कोर्स करा, त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. श्वास कधीच रोखायचा नाही, कान दुखायच्या आधीच नाक दाबून हळू फुंकायचं, आणि लागोपाठ डाइव्ह केल्यात तर विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्या.

आणि घाई करू नका हो. एका जागी पाय न हलवता पडून राहिलात की जवळच कुठूनतरी कुरुमकुरुम आवाज येतो, नीट बघितलं की पॅरटफिश चोचीने कोरल खरवडत असतो, आणि थोड्या वेळाने त्याच्या मागून पांढऱ्या वाळूचा छोटासा ढग निघतो.