सौरज्वालांवर काम करायचंय? आधी एकच ज्वाला नीट बघा

एमएस्सी करून सौरभौतिकीकडे वळणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सुरुवातीला वाचू काय? मी म्हणतो, वाचन नंतर करता येईल, आधी एक ज्वाला, म्हणजे सूर्यावर अचानक होणारा ऊर्जेचा स्फोट, निवडा. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स ६.३ चालेल ('एक्स' हा सर्वांत तीव्र ज्वालांचा वर्ग). पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकारानं घडलेल्या 'सूट' दुर्बिणीनं इस्रोच्या आदित्य-एल१ या सौरयानावरून ती अतिनील किरणांत टिपली आहे. आदित्यचा डेटा इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर मिळतो, आणि पायथन येत असेल तर सनपाय या सौरडेटासाठीच्या पायथन लायब्ररीवर हात बसायला वेळ लागत नाही.

ज्वालेची ऊर्जा सुटते वर कोरोनात, म्हणजे सूर्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणात, जिथे चुंबकीय रेषा तुटून नव्यानं जुळतात. लखलखाट मात्र खाली, चुंबकीय रेषांच्या कमानींच्या पायथ्याशी दिसतो. वेगवान इलेक्ट्रॉन कमानींवरून खाली येतात आणि क्रोमोस्फिअर या कोरोनाखालच्या थराच्या दाट वायूत अडतात. एरवी दहा हजार केल्विनच्या आसपास असलेला तो वायू बघता बघता कोटीभर केल्विनपर्यंत तापतो आणि कमानीत वर उसळतो.

हे पटवून घ्यायचं तर दोन आलेख एकाखाली एक काढा. हार्ड (जास्त ऊर्जेच्या) एक्स-रेचा आलेख दातेरी असतो, झटकन चढतो नि उतरतो. सॉफ्ट (कमी ऊर्जेच्या) एक्स-रेचा सावकाश चढतो, शिखर उशिरा गाठतो. आता दुसऱ्याचा बदलाचा दर (डेरिव्हेटिव्ह) काढून पहिल्याशेजारी ठेवा. बऱ्याच ज्वालांमध्ये दोन्ही जुळतात. हाच १९६८ चा न्यूपर्ट इफेक्ट. सगळ्याच ज्वाला तो पाळत नाहीत, आणि खरी मजा तिथेच आहे.

चित्रं वापरताना एक सांभाळा. मोठ्या ज्वालेत नेमका हवा तो पायथाच सॅच्युरेट होऊन, म्हणजे कॅमेऱ्याची मोजण्याची मर्यादा ओलांडून, पांढराफटक येतो. त्या पिक्सेलवरून तीव्रता मोजू नका; कमी एक्स्पोजरच्या फ्रेम शोधा.

संशोधनाचा विषय शोधत असाल तर फोटोस्फिअरकडे, म्हणजे क्रोमोस्फिअरखालच्या, पांढऱ्या प्रकाशात दिसणाऱ्या पृष्ठभागाकडे बघा. १ सप्टेंबर १८५९ ला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टननं ज्वाला साध्या पांढऱ्या प्रकाशात पाहिली. पण बहुतेक इलेक्ट्रॉन तर वरच, क्रोमोस्फिअरमध्ये अडतात. मग इतक्या खोलवर उष्णता पोचवतं कोण? तापलेल्या क्रोमोस्फिअरचं प्रारण, प्रोटॉन, की चुंबकीय रेषांवरून जाणाऱ्या आल्फव्हेन लहरी? वाद मिटलेला नाही. यात उतरायचं तर प्रारण-संक्रमणाचं, म्हणजे वायूतून प्रकाश कसा पुढे जातो याचं, गणित पक्कं हवं. ते कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही: ज्वालेच्या वातावरणाचं प्रतिरूप काढणारा रॅडिनसारखा कोड त्याशिवाय चालवता येईल, पण त्यातून आलेली वर्णरेषा अशीच का दिसते, हे गाइडला सांगता येणार नाही.