आंदोलनाचे फोटो काढताय? या चुका टाळा

पुण्यात आंदोलनांना तोटा नाही. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर कुणाचं ना कुणाचं धरणं असतं, महापालिकेच्या फाटकाशी पाण्यावरून नाहीतर कचऱ्यावरून निदर्शनं होतात. अलका चौकात रास्ता रोको, गुडलक चौकात मेणबत्त्या आणि शास्त्री रस्त्यावर स्पर्धा परीक्षेची मुलं. एरवी सिंहगडावर धुकं टिपणारा हौशी छायाचित्रकारही कधीतरी कॅमेरा घेऊन मोर्चात शिरतो आणि त्याच त्या चुका करतो. काही चुकांनी फक्त फोटो बिघडतो. काहींनी फोटोतल्या माणसाला त्रास होतो, आणि काहींनी वर्षानुवर्षं एकत्र भटकणारे ग्रुप फुटतात. इथे जास्त लिहिलंय ते या शेवटच्या दोन प्रकारांबद्दल.

फक्त ओरडणारं तोंड टिपणं

नवख्याच्या कार्डात चारशे फ्रेम असतात आणि त्यातल्या साडेतीनशेंत कुणीतरी ओरडत असतं. हे सोपं आहे म्हणून होतं. घोषणेच्या वेळी हात वर जातो, गळ्याच्या शिरा ताणतात, चेहऱ्यावर भाव दिसतो. पण १/५०० सेकंदाला गोठवलेलं उघडं तोंड कुणाचंही असलं तरी चिडकं आणि बेभान दिसतं. पोटतिडकीने मानधन मागणारी अंगणवाडी सेविकाही त्या फ्रेममध्ये भांडखोर वाटते. ज्याला तो पक्ष किंवा ती मागणी आवडत नाही तो नेमका हाच फोटो निवडतो, आणि ज्याला आवडते तो हसरी म्हातारी निवडतो. दोघांनाही आपण काही चुकीचं केलंय असं वाटत नाही.

घोषणेची लय आधी कान देऊन ऐका. पुढारी म्हणतो, ‘कोण म्हणतंय देणार नाही’, आणि जमाव उत्तर देतो, ‘घेतल्याशिवाय राहणार नाही’. पहिल्या ओळीला पुढाऱ्याचं तोंड उघडं आणि लोकांचं लक्ष त्याच्याकडे असतं. दुसऱ्या ओळीला तो थांबतो आणि शंभर माना एकदम वर होतात. दुपारच्या उन्हात याचा दुहेरी फायदा आहे. एरवी टोपीच्या आणि कपाळाच्या सावलीत बुडालेले डोळे मान वर झाली की उजेडात येतात. म्हणून बटण दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला दाबा. मग कॅमेरा खाली न घेता थांबा. घोषणा संपली की लोक एकमेकांकडे बघतात, बाटली तोंडाला लावतात, पदराने घाम पुसतात, फलक दुसऱ्या हातात घेतात. मोर्चाचा बहुतेक वेळ याच गोष्टींत जातो. एकाच माणसाच्या घोषणेच्या, ऐकण्याच्या आणि विसाव्याच्या अशा तीन फ्रेम सलग घ्यायची सवय लावली, तर निवड करताना हातात खरी निवड असते. २०१६ च्या मराठा क्रांती मूक मोर्चात तर घोषणाच नव्हत्या. ज्यांना ओरडणाऱ्या तोंडापलीकडे काही बघताच येत नाही, त्यांनी अशा मोर्चात काय टिपलं असतं?

दहा मिनिटं फोटो काढून घरी जाणाऱ्यांचेही असेच क्षण हुकतात. दिलेली वेळ अकराची असली तरी बारापर्यंत गर्दी जमत असते. मग भाषणं, मग शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन देतं, बाहेर येऊन आत काय झालं ते सांगतं, आणि तेव्हा लोकांचे चेहरे खरे वाचता येतात. या वेळी बरेच हौशी एव्हाना मिसळ खायला गेलेले असतात. इतकी घाई असेल तर आंदोलनाच्या वाटेला जाऊ नये.

गर्दी लेन्सने फुगवणं किंवा आटवणं

दोनशे माणसं रस्त्यावर आहेत. समोरून, डोळ्यांच्या उंचीवरून, २०० मि.मी. लेन्सने फोटो काढा. मागचे चेहरे पुढच्यांना चिकटतात आणि जनसागर तयार होतो. तीच दोनशे माणसं उंचावरून २० मि.मी.ने घ्या, मोकळा डांबरी रस्ता आणि कोपऱ्यात मूठभर लोक. दोन्ही फोटो खरे, आणि दोन्हींनी बघणाऱ्याला फसवता येतं. टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स वापरू नका असं म्हणणं नाही. पण त्या दिवसाच्या संचात एक तरी फ्रेम अशी ठेवा, जिच्यात गर्दीच्या दोन्ही कडा दिसतात. फुल फ्रेमवर ३५ मि.मी., लहान सेन्सरवर २३-२४ मि.मी. आणि पहिल्या मजल्याची उंची एवढं पुरतं. लक्ष्मी रस्त्यावर दुकानदाराला विचारून गॅलरीत पाच मिनिटं उभं राहता येतं. मात्र काम झालं की लगेच खाली उतरा.

आकडा लिहायचाच असेल तर हिशोब करून लिहा. १२ मीटर रुंद रस्त्यावर ५० मीटर लांब गर्दी म्हणजे ६०० चौरस मीटर. लोक हातभर अंतर राखून उभे असतील तर चौरस मीटरला साधारण एक, खांद्याला खांदा असेल तर दोन ते अडीच, आणि पाय हलवायला जागा नसेल तर चार. म्हणजे सहाशेपासून चोवीसशेपर्यंत. चालत्या मोर्चात माणसामागे जागा आणखी लागते. आयोजकांचा आकडा द्यायचा तर ‘आयोजकांच्या म्हणण्यानुसार’ आणि पोलिसांचा द्यायचा तर तसं लिहा.

फलक अर्धा कापणं

मराठी वाक्यात नकार शेवटी येतो, म्हणजे फलकाच्या उजव्या कडेला किंवा खालच्या ओळीत. ‘शाळा बंद करू देणार नाही’ यातला शेवटचा शब्द कापला गेला की मागणी उलटी होते. क्रॉप करण्याआधी फ्रेममधला प्रत्येक फलक मोठ्याने वाचा.

चेहरा, ओळखपत्र आणि मूळ आकाराची फाइल

एका हौशी ग्रुपमध्ये घडलेली गोष्ट. स्पर्धा परीक्षेच्या मुलांचं रात्रीचं आंदोलन, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड, पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेली एक मुलगी. फोटो देखणा होता. तिच्या गळ्यात अभ्यासिकेचं ओळखपत्र होतं. इन्स्टाग्रामवर फोटो लहान होऊन चढला, तिथे ते वाचता येत नव्हतं. पण काढणाऱ्याने सोबत मूळ आकाराच्या अल्बमची लिंकही दिली. कुणीतरी झूम केलं, नाव वाचलं, आपल्या पदरची एक जळजळीत ओळ जोडली, आणि सकाळपर्यंत फोटो तिच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला. घरून फोन आला, ‘तुला अभ्यासाला पाठवलंय की रस्त्यावर बसायला?’ फोटो काढणाऱ्या पोराने तो हटवला, माफी मागितली, पण गावभर फिरलेल्या प्रती कोण काढणार?

सरकारी नोकरीसाठी निवड झाली की पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. आंदोलनात गुन्हा दाखल झाला तर तो तिथे आडवा येऊ शकतो, आणि जमावातल्या चेहऱ्याला नाव मिळवून द्यायला असा एक फोटो पुरतो. ‘सार्वजनिक जागेत होती, मग काय झालं’ हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बहुतेक वेळा बरोबर असेल, तरी माणुसकीच्या दृष्टीने अपुरं आहे.

अपलोड करण्यापूर्वी फोटो १०० टक्के झूमवर उघडा आणि डाव्या वरच्या कोपऱ्यापासून ओळीओळीने बघत या. गळ्यातली कार्डं, गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, गाड्यांचे नंबर, कुणाच्या हातातल्या मोबाइलचा स्क्रीन, सगळं तपासा. झाकायचं असेल तर पूर्ण काळा किंवा राखाडी ठिपका द्या. हलका ब्लर आणि पिक्सेलचे चौकोन यांतून बऱ्याचदा ओळख पटते. लेयर असलेली, म्हणजे ठिपका नंतर बाजूला काढता येईल अशी फाइल कुणालाही पाठवू नका, सपाट जेपेग पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की जागेची आणि वेळेची माहिती सोबत जाते, म्हणून जीपीएस आधीच काढून टाका. लहान मुलांचे चेहरे आईवडिलांना विचारल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका. जवळून एकट्या माणसाचा फोटो घेतलात तर कॅमेऱ्याचा स्क्रीन दाखवा, ‘मावशी, हा ठेवू का?’ एवढं विचारा. नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसा. याला अर्धं मिनिट लागतं आणि बहुतेक जण हो म्हणतात.

फोटोच्या चर्चेत मागणीवर भांडणं

बहुतेक ग्रुप मोडतात ते इथे. बैठकीत फोटो पडद्यावर येतो, कुणी म्हणतं ‘यांना काही कामधंदा नाही’, दुसरा उसळतो, आणि पुढचा अर्धा तास फोटो तसाच पडद्यावर राहतो. नंतर दोन माणसं येणं बंद करतात. ग्रुपमध्ये सगळ्या विचारांची माणसं असणारच. एकाच वाड्यात, एकाच घरात असतात, तर ग्रुपमध्ये का नसतील? ‘राजकारण नको’ असा फतवा काढूनही काही साधत नाही. कारण मग आंदोलनाचे फोटोच आणू नका असा त्याचा अर्थ होतो, आणि शहराच्या आयुष्याचा एवढा मोठा भाग हौशी कॅमेऱ्याबाहेर राहतो.

चर्चेला क्रम लावा. पहिला मिनिटभर कुणी बोलायचं नाही, फक्त बघायचं. मग काय दिसतंय तेवढंच सांगायचं: किती माणसं, कुठे बघतायत, उजेड कुठून. मग चौकट, क्षण, फोकस. सर्वांत शेवटी कॅप्शन. आणि कॅप्शन तपासायला त्या सभासदाकडे द्यायची, ज्याला ते आंदोलन पटत नाही. त्याने ज्या विशेषणावर बोट ठेवलं ते विशेषण काढायचं. वस्तुस्थिती काढायला मात्र तो सांगू शकत नाही. ‘झोपलेल्या प्रशासनाला जाग आणणारा एल्गार’ गेलं आणि ‘रस्ता वेठीस धरणारा जमाव’ही गेलं. उरतं ते असं: ‘मानधनवाढीच्या मागणीसाठी अंगणवाडी सेविकांनी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणे धरले. दुपारी १.२०.’ हे कोरडं वाटतं, पण दहा वर्षांनी कुणी बघितलं तर त्याला हेच उपयोगी पडतं. बाजू घेऊन फोटोमालिका करायची असेल तर जरूर करा, फक्त ती आपली भूमिका आहे हे वर लिहा.

न पटणाऱ्या आंदोलनालाही कॅमेरा घेऊन जा. तिथे हात आखडतो, लोकांपासून लांब उभं राहावंसं वाटतं, आणि ते अंतर फोटोत स्पष्ट दिसतं. दोन्ही ठिकाणचे फोटो शेजारी ठेवले की आपण कुणाच्या किती जवळ गेलो हे लगेच कळतं.

बाकीच्या, थोडक्यात

भगवा, निळा, हिरवा, लाल असे रंग अंगावर नकोत. करडा किंवा तपकिरी शर्ट घाला. कुणी उपरणं किंवा टोपी दिली तर नम्रपणे परत करा. घोषणेला तोंड हलवू नका. गाडीवर किंवा जाकिटावर ‘प्रेस’ लिहू नका.

जमावबंदीचा आदेश आहे का ते निघण्यापूर्वी बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणजे पूर्वीचं १४४, किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ लागू असेल तर कॅमेरे घेतलेला आठ जणांचा घोळकाही जमावच असतो. दोघादोघांनी जा. कॅम्प भागात लष्करी आस्थापनांच्या भिंती आणि फाटकं फ्रेमबाहेर ठेवा. लोहगावचा हवाई तळ असलेल्या शहरात गर्दीवर ड्रोन उडवायचा विचारही करू नका.

बॅरिकेड आणि आंदोलक यांच्या मधे उभं राहू नका; बाजूला, पाठीशी भिंत आणि हाताशी बोळ ठेवा. पोलीस ‘मागे व्हा’ म्हणाले तर आधी मागे व्हा, मग काय ते विचारा. पुतळा जाळताना वारा ज्या बाजूने येतो त्या अंगाला किमान चार मीटरवर थांबा. रॉकेल ओतणाऱ्याला वाऱ्याचा अंदाज नसतो. अश्रुधुराची शक्यता असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊ नका. गुलाल उधळत असताना लेन्स बदलू नका.

दिवसा उन्हात आयएसओ २००, १/५०० ते १/१०००, एफ ८. पांढऱ्या टोप्या आणि सदरे फ्रेम भरून असतील तर कॅमेऱ्याचा मीटर फोटो काळा करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ द्या आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. मशाल मोर्चात उलट −०.७ ते −१, १/१२५, आयएसओ ३२०० च्या पुढे. रात्री रस्त्याच्या एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटरने पट्टे येतात. मेकॅनिकल शटर घ्या आणि १/५० किंवा १/१०० वर राहा. कॅमेऱ्याचं घड्याळ निघताना मोबाइलशी जुळवा, नाहीतर कॅप्शनमधली वेळ चुकते.

आणि फोटोत दिसणाऱ्या कुणी नंतर निरोप पाठवून फोटो काढून टाका म्हटलं, तर कारण विचारत बसू नका. अल्बममधून, ग्रुपमधून आणि ज्यांना पाठवला त्यांच्याकडूनही तो त्याच दिवशी काढून घ्या.