मधल्या सुट्टीत सगळ्यांचे हात धुऊन व्हायचे असतील तर

शाळांमध्ये टाक्या आणि नळ बसवायचं काम मी करतो. शाळेत गेलो की आधी हिशेब मांडतो: मुलं 200, नळ एक, प्रत्येकाला अर्धा मिनिट. झाली 100 मिनिटं! सुट्टी संपते, रांग संपत नाही. मग ऐकायला मिळतं, ‘कितीदा सांगितलं तरी मुलं हात धूत नाहीत.’ धुणार कुठे?

एकेक नळ वाढवत बसू नका, भोकांचा पाइप लावा. चारेक मीटर पीव्हीसी पाइप घ्या. खालच्या अंगाला दोन-तीन मिलिमीटरची दहा भोकं पाडा. शेजारच्या मुलाचा धक्का लागणार नाही इतकं अंतर ठेवा. एक टोक 200 लिटरच्या पिंपाला जोडा, मध्ये व्हॉल्व. पिंप चौथऱ्यावर, पाइपापेक्षा उंच. दुसऱ्या टोकाला आट्यांचं झाकण लावा, चिकटवू नका. भोकं तुंबतातच, तेव्हा झाकण काढून पाइप धुता आला पाहिजे. आता तीच मुलं दहा मिनिटांत मोकळी.

उंची टेपने ठरवू नका. पहिलीतलं सगळ्यात बुटकं मूल तिथे उभं करा. हात वर करावे लागले की पाणी कोपरापर्यंत ओघळतं, बाही भिजते, आणि ते मूल दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकत नाही. मोठ्यांना वाकावं लागेल. वाकू देत.

हात ओले होण्यापुरता व्हॉल्व सोडा, बंद करा, 20 सेकंद साबण चोळू द्या, मग पुन्हा सोडा. असं केलं तर एका पिंपात 200 जणांचं भागतं, माणशी लिटरभर. सांडपाण्यासाठी खाली दगडगोट्यांचा शोषखड्डा करा, नाहीतर चिखल आणि डास ठरलेले.

खरी मेख साबणाची. वडी मातीत पडते, हरवते, कधी कुणाच्या दप्तरातून घरी जाते (घरी साबण नसेल, त्याला काय रागवायचं?). त्यापेक्षा कपडे धुण्याची पावडर पाण्यात विरघळवून बाटलीत भरा, झाकणाला भोक पाडा, बाटली दोरीने पाइपाला बांधा आणि ‘पिऊ नये’ असं चित्र चिकटवा. बाटल्या भरायचं काम एका मोठ्या माणसाच्या नावावर असू द्या. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवायचं’ म्हटलं की चौथ्या दिवशी बाटली रिकामी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मोजणीतही पाणी आणि साबण दोन्ही जागेवर असतील तरच हात धुण्याची मूलभूत सोय धरतात. 2023 मध्ये शाळेत ती सोय नसलेली मुलं सुमारे 64.6 कोटी होती. कपाटातला साबण मीही धरत नाही.

पिण्याचं पाणी वेगळं, झाकणबंद आणि तोटीच्या भांड्यात. पेला आत बुडवायचा नाही. क्लोरीन टाकायचं तर गढूळ पाणी आधी निवळून गाळून घ्या. टाकल्यावर अर्धा तास थांबा, मग लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरलंय का तपासा.

शौचालयांचं माप आरोग्य संघटनेनेच दिलंय: 25 मुलींमागे एक, मुलग्यांसाठी 50 जणांमागे एक, शिवाय मुतारी. मोजताना कुलूप घातलेली आणि आतून कडी न लागणारी वगळा. मुलींच्या शौचालयात पाणी आणि झाकणाची बादली आतच हवी. पाळीच्या दिवसांत पॅड हातात घेऊन कुणी पटांगण ओलांडणार नाही.